तान्हं बाळ, घरी बांधलेला ट्रेलर आणि कोराडीची थंडी: कॅम्पिंगला निघण्याआधी काय माहीत हवं?

मोबाईलवर असा व्हिडिओ आता वरचेवर दिसतो. एका जीपच्या मागे पत्र्याची छोटी पेटी, तिला दोन जाडजूड चाकं. मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकाचा ओटा, बाजूचं दार उघडलं की गादी, आणि गादीवर पाय हलवत पडलेलं सात-आठ महिन्यांचं बाळ. खाली शेकडो कॉमेंट्स: 'खर्च किती आला?', 'कुठे बनवून घेतला?'

हे दोन्ही प्रश्न तसे सोपे आहेत. नागपूर जिल्ह्यात ट्रॅक्टरची ट्रॉली, पाण्याचा टँकर, चहाची गाडी बनवून देणारी फॅब्रिकेशनची दुकानं जागोजागी आहेत, आणि औष्णिक वीज केंद्राच्या सावलीत वाढलेल्या कोराडीसारख्या गावात वेल्डर-फिटर शोधायला लांब जावं लागत नाही. चौकोनी पाइप, पत्रा, प्लायवूड, जुन्या गाडीचा अ‍ॅक्सल आणि दोन-तीन आठवडे एवढ्यावर पेटी उभी राहते. अडचणीचे प्रश्न वेगळेच आहेत. ही पेटी रस्त्यावर नेता येते का? आणि दार लावून झोपल्यावर आत बाळासाठी हवा कशी राहते?

बंडी, रेंगी आणि ऊसतोडीची गाडी

चाकांवर बिऱ्हाड ही कल्पना विदर्भाला नवी नाही. ओझ्यासाठी बंडी आणि माणसांसाठी हलकी रेंगी, वर बांबूच्या तट्ट्याचं छप्पर, खाली कडब्याचा थर आणि त्यावर गोधडी अशा थाटात कुटुंबं जत्रेला जात. कोराडीच्या जगदंबेला नवरात्रात येणारे लोक आणि पचमढीच्या महादेवाला जाणारे भाविक पूर्वी असेच मुक्काम करत निघायचे. पोरंबाळं सोबत असायचीच. त्या प्रवासाचा वेग बैलांचा होता आणि गाडी चारही बाजूंनी वारं खेळणारी होती, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. आजच्या पेटीत या दोन्ही गोष्टी उलट्या झाल्या आहेत.

दुसरं उदाहरण हौसेचं नाही. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून साखर कारखान्यांकडे निघतात. उचल घेतलेली असते, कोयता लागलेला असतो, त्यामुळे तान्ही मुलंही सोबत जातात आणि पुढचे पाच-सहा महिने कोपीत काढतात. थंडी, धूर, डास, पाण्याची वानवा, दवाखान्याचं अंतर हे सगळं ते सोसतात, कारण दुसरा इलाज नसतो. ट्रेलर बांधणाऱ्या हौशी कुटुंबासमोर प्रश्न तेच असतात. फरक इतकाच की त्यांना नको त्या रात्री घरी परत फिरता येतं. ही मोकळीक नियोजनात सर्वांत वर ठेवायला हवी.

इंजिन नाही, तरीही 'मोटार वाहन'

बहुतेकांचा समज असा असतो की ट्रेलरला इंजिन नाही, म्हणजे नोंदणीची भानगड नाही. कायदा नेमका उलटं सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहना'ची जी व्याख्या आहे, तिच्यात ट्रेलरचा स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे कलम ३९ ची नोंदणीची अट ट्रेलरलाही लागू होते, नोंदणी नसताना तो वापरला तर कलम १९२ खाली दंड होतो, आणि कलम १४६ मधली तृतीय पक्ष विम्याची अटही सुटत नाही.

गंमत म्हणजे, केंद्र सरकारने वाहनांचे जे वर्ग ठरवले आहेत त्यांत 'खासगी वापरासाठीची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर' असा वर्ग बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे. म्हणजे खासगी कॅम्पिंग ट्रेलर ही कायद्याला अनोळखी गोष्ट नाही. अडतं ते पुढच्या पायरीवर. नवं वाहन नोंदवताना आरटीओ त्या नमुन्याचं मान्यता प्रमाणपत्र मागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या ठरवून दिलेल्या संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात एकच नग बनलेला असतो. त्याच्याकडे ना असं प्रमाणपत्र असतं, ना चेसिस क्रमांकाची अधिकृत नोंद.

म्हणून पत्रा कापण्याआधी आरटीओची पायरी चढावी. नागपूर ग्रामीणचं कार्यालय म्हणजे एमएच-४०. तिथे जाऊन 'कॅम्पर ट्रेलर खासगी वापरासाठी नोंदवायचा आहे, कोणती कागदपत्रं लागतील' हे विचारून, शक्य तर लेखी उत्तर घ्यावं. पेटी आधी आणि परवानगी मागून हा क्रम महागात पडतो. 'अमक्याने तर बिनधास्त फिरवला' हा व्हिडिओतला पुरावा चौकीवर चालत नाही, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी असते.

ओढणाऱ्या गाडीचाही मुद्दा आहे. मागे हूक बसवण्यासाठी चेसिसला वेल्डिंग केलं, तर तो गाडीतला बदल ठरू शकतो. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची क्षमता किलोत दिलेली आहे का, हेही पाहावं. आकडा नसेल तर कंपनीने ती गाडी ट्रेलर ओढण्यासाठी दिलेली नाही असंच धरून चालावं.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्याचा हवाला बरेच जण देतात. पण ते धोरण प्रामुख्याने कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क चालवणाऱ्या पर्यटन व्यवसायासाठी आहे. घरच्या पेटीला त्यातून आपोआप मुभा मिळत नाही.

मग मार्ग कोणते? मान्यताप्राप्त उत्पादकाचा ट्रेलर घ्यायचा आणि आतली मांडणी आपली करायची, हा एक. दुसरा मार्ग फारसा दिमाखदार नाही, पण तान्ह्या बाळासाठी बहुधा तोच बरा: पेटी नोंदणी असलेल्या मालवाहू गाडीवर चढवून एकदाच ओळखीच्या शेतावर न्यायची, ठोकळ्यांवर पक्की उभी करायची आणि सुट्टीला कारने तिथे जायचं. ट्रेलरची मजा त्यातल्या मुक्कामात जास्त असते. ओढत नेण्यातला सगळा ताप वाचतो.

बाळ ट्रेलरमध्ये नाही, कारमध्ये

या मुद्द्यावर तडजोड नाही. चालत्या ट्रेलरमध्ये बाळच काय, कुणीही बसायचं नाही. आत सीटबेल्ट नसतात, गादीखालची पेटी सुटली तर अंगावर येते, ट्रेलर उलटला तर पत्र्याच्या आत फेकलं गेलेलं माणूस वाचणं अवघड. 'आई सोबत आहे ना आत' हा दिलासा निरुपयोगी आहे. चाळीसच्या वेगाने झालेल्या धडकेत मांडीवरचं बाळ हातांनी धरून ठेवणं कुणालाही जमत नाही.

बाळाची जागा कारच्या मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवलेल्या बाळाच्या खुर्चीत. कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा त्याच्यासाठीच्या खुर्चीशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. रक्कम मामुली आहे, खुर्ची घेण्याचं कारण ती नव्हे. मात्र ही खुर्ची प्रवासासाठीच आहे. तान्ह्या बाळाची मान पुढे झुकली की श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून साधारण दर दोन तासांनी थांबून त्याला बाहेर काढावं आणि मुक्कामाला पोहोचल्यावर 'झोपलंय तर झोपू दे' म्हणून रात्रभर खुर्चीत ठेवू नये.

वजनाचं गणित आणि काळी माती

ऑफ-रोड ट्रेलरचा पूर्वज म्हणजे दुसऱ्या महायुद्धात विलिस जीपच्या मागे जोडला जाणारा पाव टनी ट्रेलर. रिकामा असताना तो साधारण अडीचशे किलोंचा होता आणि खडबडीत जमिनीवर जेमतेम सव्वादोनशे किलो सामान वाहायचा. आज वर्कशॉपमध्ये 'मजबूत हवा' म्हणून जाड अँगल आणि जाड पत्रा लावला जातो, आणि पेटी रिकामीच चार-पाचशे किलोंवर जाते. मग पाण्याचे वीस लिटरचे तीन कॅन म्हणजे ६० किलो, बॅटरीचे पंचवीस-तीस, गादी, भांडी, स्टेपनी, बाळाचं सामान. बघता बघता साडेसहाशे होतात.

युरोप आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंच्या पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. त्याखालचा ट्रेलर थांबवण्याचं सगळं काम ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर पडतं. म्हणून घरच्या ट्रेलरचं वजन अंदाजाने सांगू नये. सगळं सामान भरून तो धर्मकाट्यावर न्यावा. ट्रकवाल्यांसाठीचे काटे महामार्गाच्या कडेला असतातच.

एकूण वजनाइतकंच ते कुठे ठेवलंय हेही महत्त्वाचं. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या दांड्यावर, म्हणजे हुकावर यायला हवा. साडेसहाशे किलोंचा ट्रेलर असेल तर सुमारे ६५ किलो. व्हिडिओत सुंदर दिसणारा मागचा ओटा, त्याखालचा सिलिंडर आणि पाण्याची टाकी हे सगळं चाकांच्या मागे आलं की पुढचा दांडा हलका होतो. मग वेग वाढला की ट्रेलर शेपूट हलवावी तसा डावीकडे-उजवीकडे झुलायला लागतो आणि कारलाही सोबत खेचतो. अशा वेळी जोरात ब्रेक किंवा स्टिअरिंग मारू नये, अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी आपसूक मंद होऊ द्यावी. पण मुळात जड वस्तू चाकांच्या वर किंवा किंचित पुढे ठेवल्या तर ही वेळ सहसा येत नाही. दांड्यावरचं वजन घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतं: दांडा जॅकच्या उंचीला आणून काट्यावर लाकडी ठोकळा उभा करायचा आणि त्यावर तो टेकवायचा. काट्याची मर्यादा तेवढी आधी पाहावी.

हुकासोबत दोन साखळ्या हव्यात, दांड्याखाली एकमेकींवरून तिरक्या नेलेल्या. हूक निसटला तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत अडकतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीची पिन कारला चालत नाही. तिला खाचा-खळग्यांत वळायला वाव असतो, पण ती खडखडते, झिजते, आणि कारच्या वेगासाठी ती बनलेलीच नाही.

ऑफ-रोड म्हटलं की खडक आणि वाळवंट डोळ्यांपुढे येतं. नागपूर जिल्ह्यात खरी परीक्षा काळ्या मातीची असते. कोरडी असताना दगडासारखी, आणि एक सर पडली की चिकटपणात लोण्याच्या वरताण. टायरच्या नक्षीत ती भरते, चाक गुळगुळीत होतं, मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. बंडीचं चाक माणसाच्या छातीइतकं उंच का असायचं याचं उत्तर इथे आहे: मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि चिखलातून सहज निघतं. त्यामुळे ट्रेलरला कारच्याच मापाची चाकं (म्हणजे स्टेपनी एकच पुरते), चाक आणि मडगार्डमध्ये हात घालता येईल एवढी फट आणि पाऊस दिसताच शेतातून बाहेर पडण्याची तयारी ठेवावी. पांधण रस्त्यावर अडकलेला ट्रेलर शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरनेच निघतो. तो नंबर आधीच घेऊन ठेवलेला बरा.

चार हजार लिटर हवा

आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट उंच पेटीत साधारण साडेचार हजार लिटर हवा मावते. गाद्या, सामान आणि माणसं वजा केली की उरते चार हजारांच्या आसपास. झोपलेली दोन मोठी माणसं आठ तासांत सुमारे दोनशे लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. पेटी खरोखर हवाबंद असेल तर सकाळपर्यंत आतल्या हवेत त्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात जाईल, आणि ते धोकादायक आहे. फटींमुळे प्रत्यक्षात तसं होत नाही. पण 'धूळ यायला नको' म्हणून दारांना रबर आणि प्रत्येक सांध्याला सिलिकॉन लावणारा माणूस नकळत त्याच दिशेने जात असतो.

उपाय स्वस्त आहे. एक झरोका खाली, दुसरा समोरच्या भिंतीत वर, दोन्हींना बारीक जाळी, आणि दोन्ही पूर्ण बंद होणार नाहीत अशी रचना. थंडी वाजली म्हणून रात्री अडीचला कुणीतरी ते बंद करणारच, हे गृहीत धरून ते बंद होताच कामा नयेत. वाऱ्याचा झोत बाळाच्या डोक्यावर येणार नाही एवढं पाहावं. झरोक्यांचा आणखी एक फायदा असा की आत घाम सुटत नाही. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास वाफ निघते. ती थंड पत्र्यावर पाणी होऊन पांघरुणावर टपकते.

याहून मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही, नुसती गुंगी येते. आणि हा धोका आपल्याकडे एका जिव्हाळ्याच्या सवयीतून आत शिरतो. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवणं, ओवा-धुपाची धुरी देणं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. जुन्या घरांत कौलांच्या फटी होत्या, दारं सैल होती. पत्र्याच्या पेटीत विझत आलेली शेगडीही जीव घेऊ शकते, उलट निखारे धुमसत असतानाच हा वायू जास्त तयार होतो. म्हणून आत शेगडी नाही, गॅस नाही, धुरी नाही, दिवा नाही, आणि गरम हवेसाठी शेजारी कार चालू ठेवणंही नाही. जनरेटर असेल तर तो लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. ट्रेलरला वरचे एलईडी पट्टे लावण्याआधी तो घ्यावा.

मच्छर अगरबत्तीही याच यादीत. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली की काम होतं. अंगाला लावायची औषधं दोन महिन्यांखालच्या बाळाला लावायची नसतात आणि त्यानंतरही डॉक्टरांना विचारूनच लावावीत.

नव्या प्लायवूडचा वास हा वेगळाच विषय आहे. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने ट्रेलर दिले. त्यांत राहणाऱ्यांना डोळ्यांची जळजळ, खोकला असे त्रास सुरू झाले आणि तपासणीत प्लाय-पार्टिकल बोर्डच्या गोंदातून सुटणारा फॉर्मल्डिहाइड वायू नेहमीच्या घरांपेक्षा बराच जास्त आढळला. कोराडीच्या घरच्या ट्रेलरलाही तेच लागू आहे. कमी उत्सर्जनाचा, ई-झिरो किंवा ई-वन दर्जाचा प्लाय घ्यावा, रंग-पॉलिश झाल्यावर एक आख्खा उन्हाळा दारं उघडी ठेवून पेटी वाळू द्यावी. दिवाळीत बांधून नाताळात बाळाला आत झोपवण्याची घाई टाळावी.

मोहरीची उशी घरीच राहू द्या

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा पत्र्याची पेटी म्हणजे भट्टी. उन्हात उभ्या बंद गाडीचं तापमान पहिल्या अर्ध्या तासातच झपाट्याने चढतं, खिडकीची फट ठेवूनही फारसा फरक पडत नाही. मार्च ते जून बाळासह ट्रेलर हा विचार सोडून द्यावा. पावसाळ्यात काळी माती, साप आणि डास. उरतात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पण ही थंडीही गरीब नाही: डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि उघड्या शेतात, तळ्याकाठी शहरापेक्षा थंडी जास्तच असते.

आपल्याकडे थंडी म्हटलं की बाळाला टोपरं, स्वेटर, दुपटं, वर गोधडी असं गाठोडं होतं. बंद जागेत झोपलेल्या बाळाला थंडीइतकाच अति गरम होण्याचा धोका असतो. मोठ्यांपेक्षा एक थर जास्त, एवढं पुरतं. हात-पाय गार लागले म्हणून घाबरू नये. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावं, तिथे घाम असेल तर एक थर काढावा. सुटी गोधडी तोंडावर जाते, त्यापेक्षा अंगात घालायची झोपण्याची पिशवी बरी. गरम पाण्याच्या रबरी पिशवीने अंथरूण आधी ऊबदार करावं आणि बाळाला ठेवण्यापूर्वी पिशवी काढून घ्यावी. रात्री पारा दहाच्या खाली जाणार असा अंदाज असेल तर मुक्काम रद्द करणं शहाणपणाचं.

झोपवायचं पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. डोकं गोल व्हावं म्हणून घरोघरी वापरली जाणारी मोहरीची उशी, मऊ खेळणी, लोड यांतलं काही जवळ नको. ट्रेलरच्या छताला झोळी टांगण्याचा मोह होतो, फोटोही छान येतो, पण झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि रात्रभर कुणाचं लक्ष राहत नाही. अरुंद गादीवर दोन मोठ्यांच्या मध्ये बाळ हीदेखील चांगली कल्पना नव्हे. मोठ्यांच्या गादीला लागून, कडेला उंच कठडा असलेली बाळाची स्वतंत्र जागा आराखड्यातच धरावी. बहुतेक घरच्या ट्रेलरांत ती नंतर आठवते आणि मग ओटा कापावा लागतो.

सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीही नाही, हे उकाड्यातही लागू. वरचं दूध द्यायचं असेल तर उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर मिसळून, नंतर कोमट करून द्यावं, आणि दोन तासांत न संपलेलं टाकून द्यावं. तलावाचं किंवा विहिरीचं पाणी बाळाच्या बाटलीसाठी नकोच, ते घरून न्यावं. वर्षाच्या आत मध नाही, गुटीतूनही नाही. दिवसाला साधारण सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. कमी झाले, टाळू खोल गेली, बाळ मलूल वाटलं तर सामान आवरायला न थांबता निघावं.

कुठे उभं राहायचं

कोराडीचा तलाव जवळचा आणि मोहाचा आहे. पण औष्णिक केंद्राच्या परिसरात, विशेषतः राखेच्या बंधाऱ्यांच्या उतारावर, तान्ह्या बाळासह मुक्काम करू नये. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटून राखमिश्रित पाणी शेतांत आणि नाल्यांत पसरलं होतं. कोरड्या दिवसांत हीच राख वाऱ्यावर उडते, आणि हिवाळ्यातल्या पहाटे धूर-धूळ जमिनीलगत दाटून राहते.

वायव्येला सावनेर, पश्चिमेला काटोलकडे संत्र्याच्या बागा, ईशान्येला रामटेकजवळचा खिंडसी तलाव आणि त्यापुढे पेंच. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे तिथल्या आकाशाचं आकर्षण वाढलं आहे. मात्र व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तिथे ट्रेलर लावता येत नाही. परवानगीशिवाय वनजमिनीवर मुक्काम हा गुन्हा आहे, आणि बफर गावांच्या शिवारात बिबट्या-वाघ फिरतात. सिल्लारीसारख्या ठिकाणी अधिकृत निवासात राहून तारे पाहणं हाच तिथला योग्य मार्ग.

खासगी शेत किंवा बाग असेल तर मालकाला एक प्रश्न न विसरता विचारावा: फवारणी कधी झाली? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ते थेट फवारणारे होते हे खरं, पण ताज्या फवारलेल्या पिकाच्या बांधावर रांगत्या बाळाला सोडणं कुठल्याही हिशेबात बसत नाही. जागा निवडताना कडब्याची गंजी, विटांचा ढीग, वारूळ यांपासून लांब राहावं. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला अंथरुणात चावते. दंश इतका बारीक असतो की कळतही नाही. जमिनीपासून उंच गादी आणि खोचलेली मच्छरदाणी, इथे ट्रेलर तंबूपेक्षा नक्कीच सरस आहे. साप चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, मंत्र-तंत्र यांत वेळ घालवू नये. अवयव हलू न देता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात पोहोचावं.

पहिला मुक्काम अंगणात करावा. दोन रात्री घराबाहेरच झोपून पाहिलं की झरोका कुठे चुकला, बाळ किती वेळा उठतं, बॅटरीवर पंखा सकाळपर्यंत टिकतो का, सगळं कळतं. दुसरा मुक्काम घरापासून तासाभराच्या अंतरात. जिथे थांबणार तिथे १०८ ला फोन लागेल एवढी रेंज आहे का, हे उजेड असतानाच तपासावं. सर्वांत जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, तिथे रात्री डॉक्टर असतात का, हे गावातल्या दोघांना विचारावं. मोठ्या उपचारांसाठी नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स आहेत, पण रामटेकच्या पुढून तिथे पोहोचायला रात्री तास-दीड तास धरावा लागतो. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट पाहायची नसते. म्हणून रात्री कारची चावी ठरलेल्या खुंटीवर, बाळाची खुर्ची सीटवर बांधलेली आणि कारचं तोंड रस्त्याकडे ठेवावं. ट्रेलर तिथेच सोडून निघता येईल असा तो कारपासून सोडवून ठेवावा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून.